मेंदूच्या चित्रावरून निदान : कितपत भरवशाचे?

मेंदूचा स्कॅन काढून अमुक रोगाचे अचूक निदान करता येऊ लागल्याची बातमी वर्षातून दोन-चार वेळा तरी वाचनात येते. सोबत मेंदूचे रंगीत चित्र असते, त्यावर लाल-पिवळे डाग असतात आणि मजकुरात अचूकतेचा एखादा घसघशीत टक्का असतो. चित्र आणि टक्केवारी एकत्र आली की शंका विचारायला सहसा कोणी धजत नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी मात्र धजले पाहिजे. म्हणून या लेखात आम्ही असा एकच दावा तपासायला घेतला आहे. मेंदूच्या प्रतिमेवरून प्रेरक चेतापेशींच्या विकाराचे, म्हणजे डॉक्टर ज्याला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात त्या रोगाचे, निदान करता येते असा तो दावा आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. या प्रतिमांनी रोगाविषयी पुष्कळ शिकवले आहे. पण समोर बसलेल्या एका माणसाला हा रोग आहे की नाही, हे त्या अजून सांगू शकत नाहीत. आणि त्या सांगू शकतात असे सुचवणाऱ्या बऱ्याच शोधनिबंधांची रचनाच मुळी त्या प्रश्नासाठी केलेली नसते.

आधी रोगाविषयी थोडेसे. आपण हात उचलायचे ठरवतो तेव्हा मेंदूचा निरोप दोन टप्प्यांनी जातो. मेंदूच्या पृष्ठभागावर एक प्रेरक पट्टा असतो. त्यातील चेतापेशी आपला लांब तंतू खाली मज्जारज्जूपर्यंत पाठवते. तिथे दुसरी चेतापेशी तो निरोप घेते आणि स्नायूपर्यंत पोचवते. पहिलीला वरची आणि दुसरीला खालची प्रेरक चेतापेशी म्हणू. या विकारात दोन्ही प्रकारच्या पेशी हळूहळू मरत जातात. खालच्या मेल्या की स्नायू वाळतो, त्वचेखाली फडफडतो आणि त्याचे बळ जाते. वरच्या मेल्या की अवयव ताठरतो आणि डॉक्टरांनी गुडघ्याखाली छोट्या हातोडीने ठोकले तर पाय नेहमीपेक्षा जोरात उडतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झां-मार्तें शार्को यांनी १८६९ पासून या रोगाचे शास्त्रशुद्ध वर्णन केले. रुग्णाची लक्षणे जिवंतपणी टिपून ठेवायची आणि मृत्यूनंतर त्याच्या मज्जारज्जूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दोहोंचा मेळ घालायचा, अशी त्यांची पद्धत होती. रोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार ए.एल.एस. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे तो सर्वसामान्यांना माहीत झाला. हॉकिंग यांचे निदान १९६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी झाले आणि ते २०१८ पर्यंत जगले, पण तो फार दुर्मीळ अपवाद होय. बहुतेक रुग्णांना पहिल्या लक्षणानंतर दोन ते पाच वर्षेच मिळतात.

त्या दोन ते पाच वर्षांपैकी सरासरी एक वर्ष निदान होण्यातच निघून जाते. चप्पल पायातून निसटते, शर्टाचे बटण लागत नाही, बोलणे जड होते. रुग्ण आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, मग मालीश, मग मानेचा पट्टा, मग आणखी कोणी. ही पायपीट थांबवणारी चाचणी सापडली तर तिचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको. पण उलट्या दिशेची चूकही तितकीच भयंकर आहे. या रोगासारखे दिसणारे काही विकार बरे होणारे, निदान आटोक्यात येणारे असतात. चेतांवरील संदेशवहन जागोजागी अडल्यामुळे हात लुळा पडण्याचा एक विकार आहे. त्याला शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले की बऱ्याच रुग्णांचा हात पुन्हा चालू लागतो. अशा माणसाला ‘तुमच्या रोगावर उपाय नाही’ असे सांगून घरी पाठवले तर त्याचे काय होईल? चाचणीविषयी काटेकोर असायचे ते यासाठी.

आता मेंदूची प्रतिमा हवीच कशाला, हा प्रश्न. खालच्या चेतापेशींचे नुकसान मोजायला विद्युत-चाचणी आहे. स्नायूत बारीक सुई घालून त्याचे विद्युत-स्पंद नोंदवता येतात आणि डोळ्यांना दिसण्याआधीच बिघाड कळू शकतो. वरच्या चेतापेशींसाठी मात्र आजही मुख्य साधन म्हणजे ती हातोडी आणि डॉक्टरांचा अनुभव. त्यात आणखी अडचण अशी की, स्नायू फार वाळला असेल तर तो उडणार तरी कसा? म्हणजे खालचे नुकसान वरच्या नुकसानीला झाकून टाकते. मेंदूत थेट डोकावून ‘वरचा तंतू खराब झाला आहे’ असे दाखवता आले तर निदानाची पोकळी भरून निघेल, ही अपेक्षा अगदी रास्त आहे. शार्को यांना जे मृत्यूनंतर दिसे ते जिवंतपणी पाहायचे, असा हा ध्यास आहे.

साध्या एम.आर.आय.मध्ये काही खुणा कधीकधी दिसतात. वरच्या चेतापेशींच्या तंतूंचा मार्ग काही रुग्णांत अधिक उजळ दिसतो, पण तो काही निरोगी माणसांतही तसा दिसतो. लोहाचा अंश दाखवणाऱ्या खास प्रतिमेत प्रेरक पट्ट्याच्या कडेने एक काळी रेघ दिसते. तिचे कारण तिथे गोळा झालेल्या, लोह साठवणाऱ्या सफाई-पेशी असावे. हीही खूण सर्व रुग्णांत नसते आणि उतारवयात रोगाशिवायही दिसू शकते.

सर्वांत जास्त आशा ज्या तंत्राकडून होती, ते पाण्याच्या विसरणावर आधारलेले आहे. शाईचा थेंब टीपकागदावर टाकला तर डाग साधारण गोल पसरतो. तोच थेंब जाड्याभरड्या कापडाच्या एकाच दिशेने ताणलेल्या दोऱ्यांवर टाकला तर डाग दोऱ्यांच्या दिशेने लांबट होतो. मेंदूतील पाण्याचे रेणूही असेच. जिथे चेतातंतूंची जुडी आहे तिथे ते जुडीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे जायला अडखळतात. १९९४ मध्ये पीटर बासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एम.आर.आय. यंत्राने हा ‘लांबटपणा’ मोजण्याची गणिती रीत मांडली. त्यातून शून्य ते एक यांमधला एक अंक मिळतो. शून्य म्हणजे विसरण सर्व दिशांना सारखे. एकाजवळ म्हणजे जवळजवळ एकाच दिशेने. तंतू झडले की अंक उतरतो. लंडनमधील एका गटाने १९९९ मध्ये ए.एल.एस.च्या रुग्णांत प्रेरक मार्गातील हा अंक कमी झाल्याचे दाखवले आणि तेव्हापासून अशा निबंधांचा ओघ सुरू झाला. येथे एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. प्रतिमेतील एक ठोकळा साधारण दोन मिलिमीटर बाजूचा असतो आणि चेतातंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. तेव्हा आपण एकेक तंतू पाहत नसून अगणित तंतूंची सरासरी पाहत असतो. चित्रातले ते रंगीत धागे संगणकाने त्या सरासरीवरून काढलेले असतात. ते छायाचित्र नव्हे.

ओघातले बहुतेक निबंध सांगतात की रुग्णांच्या गटाची सरासरी निरोगी गटापेक्षा कमी भरली आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आहे. हे खरे आहे, पुन:पुन्हा पडताळले गेले आहे. पण ‘लक्षणीय’ या शब्दाने वाचकाची फसगत होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या शाळेत नववीच्या मुलांची सरासरी उंची १५५ सेंटिमीटर आणि दहावीच्या मुलांची १५८ आहे, दोन्ही वर्गांत प्रमाण विचलन ७ सेंटिमीटर. पुरेशी मुले मोजली तर दहावीची मुले सरासरीने उंच आहेत हे निर्विवाद सिद्ध होईल. आता मैदानावरून एक मुलगा उचला, उंची मोजा आणि तो कोणत्या वर्गातला ते सांगा. दोन सरासऱ्यांच्या बरोबर मध्ये, १५६.५ सेंटिमीटरवर रेघ मारून अंदाज केला तर तो शंभरांत सुमारे ५८ वेळा बरोबर येईल. डोळे मिटून नाणे उडवले असते तरी ५० वेळा आला असता. हजारो मुले मोजलीत तर सरासरीतील फरकाची खात्री वाढत जाईल, पण त्या ५८चे ५९ काही होणार नाहीत. गटांमध्ये फरक असणे ही एक गोष्ट, व्यक्तीवरून गट ओळखता येणे ही दुसरी. रोगाची यंत्रणा समजून घेणाऱ्याला पहिली पुरते. डॉक्टरला दुसरी हवी असते.

दुसरीचा हिशोबही काहींनी प्रामाणिकपणे केला. अमेरिकेतील फोअर्स्टर आणि सहकाऱ्यांनी २०१२ आणि २०१३ मध्ये या तंत्राचे तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. चाचणीचे मोजमाप दोन अंकांनी करतात. खरोखर रोग असलेल्यांपैकी किती जणांना चाचणी पकडते ती तिची संवेदनक्षमता, आणि रोग नसलेल्यांपैकी किती जणांना ती योग्य रीतीने सोडून देते ती तिची विशिष्टता. दोन्ही अंक साधारण दोन-तृतीयांशाच्या आसपास निघाले. ऐकायला ते फार वाईट वाटत नाहीत. शाळेत ६६ टक्के गुण म्हणजे प्रथम वर्ग! म्हणून फळ्यावर एक हिशोब मांडू. समजा, हातापायांतील वाढत्या कमजोरीमुळे संशयित म्हणून ९० जण मोठ्या रुग्णालयात आले आणि त्यांपैकी ३० जणांना खरोखर हा विकार आहे. चाचणी या ३० पैकी २० जणांना पकडेल. उरलेल्या ६० जणांपैकी एक-तृतीयांशांना, म्हणजे २० जणांना, ती चुकीने रोगी ठरवेल. चाचणी ज्यांना ‘रोग आहे’ म्हणाली असे ४० झाले आणि त्यांत खरे २०. चाचणीआधी आपल्याला माहीत होते की तिघांत एकाला रोग आहे. चाचणी ‘आहे’ म्हणाली तर दोघांत एकाला आहे, एवढेच आता कळले. ‘नाही’ म्हटलेल्या ५० जणांत रोगी १० आहेत, म्हणजे पाचांत एक. अशा उत्तरावर कोणी डॉक्टर रुग्णाला शेवटचा निर्णय सांगणार नाही, आणि सांगूही नये.

हा हिशोबसुद्धा चाचणीच्या बाजूने उदार आहे. कारण ते दोन-तृतीयांश प्रामुख्याने निश्चित रोगी आणि ठणठणीत निरोगी यांच्या तुलनेतून आलेले आहेत. आमच्या मते या सबंध संशोधनातला हाच सर्वांत मोठा दोष आहे. हापूस ओळखणारे यंत्र बनवल्याचा दावा कोणी केला आणि त्याच्या चाचणीसाठी एका टोपलीत हापूस आणि दुसरीत नारळ ठेवले, तर यंत्र शंभर टक्के गुण मिळवील. बाजारात प्रश्न हापूस की नारळ असा नसतो. तो रत्नागिरीचा हापूस की हुबेहूब तसाच दिसणारा दुसरीकडचा आंबा, असा असतो. चेतातज्ज्ञाकडे ठणठणीत माणूस ‘मला मोटर न्यूरॉन डिसीज आहे का’ म्हणून फारसा येत नाही. येतात ते मानेच्या मणक्यांच्या झिजेने मज्जारज्जू दाबला गेलेले, चेतांचे दाह झालेले, स्नायूंचे विकार असलेले लोक. त्यांच्यातून निवड करता आली तरच निदान म्हणायचे. अशा सारख्या दिसणाऱ्या रुग्णांना तुलनेत घेणारे अभ्यास आहेत, पण थोडे.

अलीकडे या प्रतिमा संगणकाला ‘शिकवण्याची’ पद्धत आली आहे आणि टक्केवारी चढू लागली आहे. येथे शिक्षकांच्या चटकन लक्षात येईल असा धोका आहे. जी गणिते वर्गात सोडवून घेतली तीच परीक्षेत घातली तर वर्गाचा निकाल शंभर टक्के लागतो. वीस-तीस रुग्णांची चित्रे आणि प्रत्येक चित्रात लाखो ठोकळे, अशा सामग्रीवर शिकलेला संगणक पाठांतर करतो, समजून घेत नाही. म्हणून परीक्षा अनोळखी रुग्णालयातल्या, अनोळखी यंत्रावर काढलेल्या चित्रांवर घ्यावी लागते. यंत्र बदलले की वर सांगितलेला अंक थोडा बदलतो, वयानुसारही तो उतरतो. रुग्ण एका यंत्रावर आणि निरोगी माणसे दुसऱ्या यंत्रावर तपासली असतील तर संगणक रोग ओळखायला न शिकता यंत्र ओळखायला शिकेल आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. एक गोष्ट प्रयोगशाळेबाहेर क्वचितच बोलली जाते. श्वासाचे स्नायू दुबळे झालेल्या रुग्णाला उताणे पडून राहणे कठीण जाते, लाळ गिळता येत नाही, ठसका लागतो. त्याचे डोके हलते. डोके हलल्यानेही प्रतिमेतील आकडे बिघडतात. मग दिसलेला फरक मेंदूचा किती आणि ठसक्याचा किती?

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. मुलांमधील अवधान-न्यूनतेच्या विकाराबाबत, ज्याला ए.डी.एच.डी. म्हणतात, २०११ मध्ये एक खुली स्पर्धा झाली. अनेक केंद्रांतील मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा आणि सोबत वय, लिंग, हात डावा की उजवा, बुद्ध्यंक अशी माहिती सर्वांना देण्यात आली, आणि ज्यांचे निदान लपवून ठेवले आहे अशा मुलांचे निदान ओळखायला सांगण्यात आले. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने मेंदूच्या प्रतिमा बाजूला ठेवल्या आणि नुसत्या सोबतच्या माहितीवरून अंदाज केले. त्यांचे गुण प्रतिमा वापरणाऱ्या सर्व गटांपेक्षा जास्त भरले! प्रतिमाच वापरल्या नाहीत म्हणून विजेतेपद दुसऱ्या गटाला गेले, ही गोष्ट वेगळी. एवढ्यावरून प्रतिमा निरुपयोगी ठरत नाहीत. पण ‘प्रतिमेवरून निदान’ असे कोणी म्हणाले तर प्रतिमेविना किती निदान झाले असते, हे आधी विचारायला हवे.

मग योग्य परीक्षा कोणती? शार्को यांच्या पद्धतीतच तिचे उत्तर आहे. लक्षणे आधी लिहिली जात, सत्य नंतर कळे. तसेच येथे, संशय घेऊन आलेल्या प्रत्येकाची पहिल्याच भेटीत प्रतिमा काढावी, तिचे उत्तर पाकिटात बंद करून ठेवावे, पुढे वर्ष-दोन वर्षांनी रोगाने आपले खरे रूप दाखवले की पाकीट उघडावे. सध्या बरेचदा होते ते उलट. ज्यांचे निदान इतर मार्गांनी पक्के झाले आहे तेच रुग्ण अभ्यासात घेतले जातात, आणि मग प्रतिमा त्या निदानाशी जुळते म्हणून तिचे कौतुक होते. जे आधीच कळले आहे ते सांगणाऱ्या चाचणीची गरज कोणाला? पाकिटासारखी परीक्षा अशक्य नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संशोधकांनी कवटीवरून चुंबकीय ठोके देऊन मेंदूच्या प्रेरक पट्ट्याची उत्तेजनशीलता मोजण्याच्या चाचणीसाठी ती घेतली. संशयित म्हणून पाठवलेले रुग्ण ओळीने घेतले, सारख्या दिसणाऱ्या इतर विकारांशी तुलना केली आणि २०१५ मध्ये संवेदनक्षमता सुमारे ७३ व विशिष्टता सुमारे ८१ टक्के असल्याचे प्रसिद्ध केले. आकडे डोळे दिपवणारे नाहीत. पण आम्हाला विचाराल तर हापूस-नारळांवर मिळवलेल्या पंच्याण्णव टक्क्यांपेक्षा आम्ही या ७३ला जास्त मान देऊ.

एम.आर.आय.चे खरे काम या रोगाच्या निदानात वेगळेच आहे, आणि ते मोठे आहे. ते मुख्यत: मेंदूत नसून मानेत आहे. मणक्यांच्या झिजेने मज्जारज्जू दाबला गेला तर दाबाच्या पातळीवर खालच्या चेतापेशी आणि तिच्या खाली वरच्या चेतापेशींचे तंतू बिघडतात. हात वाळतात, पाय ताठरतात. चित्र थेट ए.एल.एस.चे. मानेचा एम.आर.आय. हा दाब उघड करतो आणि शस्त्रक्रियेने तो काढता येतो. याहून सुंदर उदाहरण तरुण मुलांच्या एका विकाराचे आहे. साधारण पंधरा ते पंचवीस वर्षांच्या मुलाचा एक हात मनगटापासून कोपरापर्यंत वाळू लागतो. घरचे घाबरतात, कोणीतरी मोटर न्यूरॉन डिसीजचे नाव काढते. जपानच्या हिरायामा यांनी १९५९ मध्ये याचे वर्णन केले. भारतात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. गौरी-देवी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एकाच अवयवापुरत्या मर्यादित राहणाऱ्या अशा विकारावर लिहिले. हा विकार काही वर्षे वाढतो आणि बहुतेकांत आपोआप थांबतो. सरळ मानेने एम.आर.आय. काढला तर बरेचदा विशेष काही दिसत नाही. मुलाला मान पुढे वाकवायला सांगून काढला तर मज्जारज्जूचे मागचे आवरण पुढे सरकून रज्जूला दाबताना दिसते. योग्य प्रश्न, योग्य जागा, योग्य स्थिती यांचा मेळ बसला की चित्र निदान करते ते असे.

पण त्याच मानेच्या चित्राने घात होतानाही आम्ही पाहतो. पन्नाशीनंतर मानेच्या मणक्यांत थोडीफार झीज बहुतेकांना असते. ए.एल.एस.च्या सुरुवातीच्या रुग्णाचा एम.आर.आय. काढला की ती दिसते, हाताच्या कमजोरीचे खापर तिच्यावर फोडले जाते आणि काही रुग्णांची मानेवर किंवा कमरेवर अनावश्यक शस्त्रक्रियाही होते. त्यात महिने जातात, पैसा जातो, बळ जाते. चित्रात काहीतरी दिसले म्हणजे तेच कारण, हा तर्क मेंदूच्या बाबतीत जेवढा कच्चा तेवढाच मणक्याच्या बाबतीतही.

चेतातज्ज्ञांनी स्वत: प्रतिमेला कुठे बसवले आहे तेही पाहण्याजोगे आहे. निदानाचे निकष त्यांनी एल एस्कोरियल येथे १९९० मध्ये ठरवले, ते १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, नंतर वेळोवेळी सुधारले. ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे २०१९ मध्ये ठरलेले निकष सर्वांत सोपे आहेत. कमजोरी वाढत गेलेली असावी. शरीराच्या निदान एका भागात वरच्या आणि खालच्या दोन्ही चेतापेशींच्या बिघाडाची, किंवा निदान दोन भागांत खालच्यांच्या बिघाडाची लक्षणे असावीत. आणि तपासण्यांनी इतर रोगांची शक्यता दूर झालेली असावी. एम.आर.आय.ला स्थान आहे ते या तिसऱ्या कलमात. ‘हा रोग आहे’ असे म्हणायला नव्हे, तर ‘दुसरा नाही’ असे म्हणायला.

म्हणून मेंदूच्या प्रतिमांवरचा सारा खर्च वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. हा रोग फक्त हालचालीच्या पेशींपुरता नाही, तो मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांतही पसरतो, दोन अर्धमेंदूंना जोडणाऱ्या तंतूंतही दिसतो, हे जिवंत माणसांत दाखवले ते या प्रतिमांनीच. काही रुग्णांत वागणूक आणि भाषा का बदलते, हे आता घरच्यांना समजावून सांगता येते. ज्या घराण्यांत रोगाचे जनुक आहे तिथल्या, अजून लक्षणे नसलेल्या व्यक्तींमध्येही बदल दिसू लागतात. कॅनडा आणि युरोपात अनेक केंद्रांनी एकाच पद्धतीने प्रतिमा काढण्याचे करार केले आहेत. यंत्राचा फरक काढून टाकायचा तोच मार्ग आहे. पण शर्यतीत रक्ताची एक चाचणी पुढे गेलेली दिसते. चेतातंतू मोडले की त्यांतील न्यूरोफिलामेंट नावाची प्रथिने रक्तात उतरतात आणि ती मोजता येतात. एका विशिष्ट जनुकदोषाच्या रुग्णांसाठी असलेल्या टोफर्सेन या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये सशर्त मान्यता देताना या प्रथिनातील घट हाच आधार धरला गेला. रक्ताची कुपी ही मेंदूच्या चित्रासारखी देखणी नसते, पण तिला उताणे पडून राहावे लागत नाही.

शेवटी आणखी एक हिशोब, कारण त्याची गरज आता पडू लागली आहे. पापणी किंवा पोटरी चार दिवस फडफडली म्हणून घाबरलेली, एरवी धडधाकट माणसे ‘एकदा मेंदू पाहूनच घेऊ’ म्हणतात. अशी फडफड निरोगी माणसांत अतिशय सामान्य आहे. कमजोरी नसेल आणि हातोडीची तपासणी नीट असेल तर तिचा या रोगाशी सहसा संबंध नसतो. पण समजा, सर्वांनीच स्कॅन काढला, आणि समजा, चाचणी आजच्यापेक्षा कितीतरी चांगली, दोन्ही अंकांत ९९ टक्के झाली. युरोप-अमेरिकेच्या आकड्यांप्रमाणे एक लाख लोकांत हा रोग असलेले सुमारे ५ जण असतात. ते पाचही सापडतील असे धरू. उरलेल्या ९९,९९५ पैकी एक टक्का, म्हणजे सुमारे १,००० निरोगी माणसांना चाचणी रोगी ठरवील. मुलांना हा हिशोब ९९च्या जागी ९९.९ घालून करायला सांगावा. निरोगी असून रोगी ठरलेल्यांची संख्या तेव्हाही शंभर येते.